नदीच्या पोटातली विहीर

आमच्या लहानपणी पैठणला पिण्याचे पाणी नदीवरून येई, पण ते नदीतून कोणी भरत नसे. आजच्या मुलांना हे कोडे वाटेल. मला त्या वेळीही वाटे. पहाटे आजीबरोबर मी वाळवंटात उतरत असे. समोर गोदावरी वाहत असायची आणि आजी मात्र तिच्याकडे पाठ करून, काठापासून पाच-सात हातांवर, कोरड्या वाळूत बसायची. दोन्ही हातांनी वाळू उपसून ती झिरा करायची. कोपरभर खोल गेले की तळाशी पाणी जमू लागे. पहिले पाणी गढूळ. ते उपसून टाकायचे. दुसरेही टाकायचे. तिसऱ्या खेपेला जे पाणी येई ते असे निवळशंख असे की तळाचे वाळूचे कण मोजावेत. मग पितळी वाटीने, वाळू न ढवळता, कळशी भरायची. एवढा वेळ कोणाला असतो? पण तेव्हा असायचा. वाहते पाणी समोर सोडून हा खटाटोप कशाला, असे मी विचारले की ती सांगे, नदी अंगावरचे पाणी गुरांना आणि धुण्याला देते, पोटातले पाणी माणसांसाठी गाळून ठेवते.

ज्या गावात नाथांच्या वाड्यातल्या रांजणाची पूजा होते आणि काशीची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केल्याची गोष्ट पोरांना दुधाबरोबर मिळते, त्या गावातल्या बाईने पाण्याविषयी असे काही बोलावे यात विशेष नव्हते. पुढे धरण झाले. १९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली तेव्हा मी कडेवर होते. १९७६ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधी आल्या तेव्हा शाळेच्या रांगेत उभी होते. जायकवाडी हे नाव खरे तर बीड जिल्ह्यातल्या एका गावाचे. धरण तिथे व्हायचे ते पैठणला आले, नाव मात्र तेच राहिले. घरात नळ आला. आजीचा झिरा बंद झाला, आणि मीही तो विसरून गेले.

तो आठवला चाळीस वर्षांनी, आणि तोही एका बुडायला आलेल्या कर्जामुळे.

२०१२-१३ चा दुष्काळ मराठवाडा विसरणार नाही. त्या साली मी एका शाखेत कर्जविभाग सांभाळत होते. एका गावच्या बचत गटाच्या बाया शुद्ध पाण्याच्या यंत्रासाठी कर्ज मागायला आल्या. गावातली बोअर मचूळ, डाळ शिजेना, चहा फाटे. यंत्र बसवायचे आणि घागरीमागे चार पैसे घेऊन पाणी द्यायचे, असा त्यांचा साधा हिशेब होता. मी कोटेशन पाहिले, जामीनदार पाहिले, गटाचे जुने हप्ते पाहिले. कर्ज मंजूर केले. आठव्या महिन्यात यंत्र बसले. म्हणजे सुरू झाले असे नव्हे, खालीच बसले. पाणी ठिबकू लागले, त्याला पुन्हा मचूळ चव आली, गिऱ्हाईक तुटले, हप्ते थकले. मी गावात गेले तेव्हा मेकॅनिकने यंत्राच्या पोटातली नळी बाहेर काढून उभी चिरली होती. आत कागदाच्या भेंडोळीसारखे गुंडाळलेले पांढरे कापड असते, त्याला सगळे मेंब्रेन म्हणतात. ते तपकिरी झाले होते, बोट लावले की बुळबुळीत. काही ठिकाणी क्षाराची पांढरी खपली धरली होती. नवे मेंब्रेन घ्यायला गटाकडे पैसे नव्हते. बाया माझ्याकडे पाहत होत्या, आणि माझ्या लक्षात आले की मी सारे कागद तपासले, पण त्या बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागितला नाही. चूक माझी होती.

त्यानंतर मी पाण्याविषयी मिळेल ते वाचू लागले, आणि वाचता वाचता ज्या माणसाच्या घरी जाऊन पोचले, त्याचे नाव सर्वांना पाठ आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. आम्हा बँकवाल्यांना ते आणखी एका नात्याने ठाऊक. १९१३ साली निघालेल्या बँक ऑफ म्हैसूरमागे त्यांचीच प्रेरणा. हीच पुढे स्टेट बँक ऑफ म्हैसूर झाली आणि २०१७ साली स्टेट बँकेत विलीन झाली. पण मी सांगणार आहे ती त्यांची मोठी धरणे किंवा बँका नव्हेत. त्यांच्या चरित्रांत एखाद्या पानात उरकली जाणारी दोन कामे आहेत, एक सिंधूच्या काठचे आणि एक समुद्राच्या. माझ्या लेखी सगळा माणूस त्या दोन कामांत आहे.

जन्म कोलार भागातल्या मुद्देनहळ्ळीचा, १५ सप्टेंबरचा. साल कुठे १८६० सापडते, कुठे १८६१. घराणे मूळ आंध्रातल्या मोक्षगुंडमचे, घरात तेलुगू बोलणारे. वडील संस्कृतचे जाणकार, पैशाने बेताचे, आणि मुलगा लहान असतानाच गेले. पोराने बंगळूरला शिकवण्या करून बी. ए. गाठले. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. १८८३ साली तिथल्या अभियांत्रिकीच्या परीक्षेत तो पहिला आला. इथून पुढची पंचवीस वर्षे हा माणूस आपला आहे, मुंबई इलाख्याचा. म्हैसूरचे दिवाण म्हणून त्यांची मिरवणूक निघते, पण हाताला वळण लागले ते नाशिक, धुळे, पुणे या मुलखात.

१८८४ साली सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून ते रुजू झाले ते नाशिकला, आणि लगेच खानदेशात धाडले गेले. धुळ्याकडे पांझरेच्या एका ओढ्याखालून पाटाचे पाणी पाइपाच्या सायफनने पलीकडे न्यायचे होते. पावसाळा तोंडावर, पूर येई आणि केलेले काम वाळूने भरून जाई. नव्या पोराने वरिष्ठाला कळवले की पाऊस संपेपर्यंत थांबावे. वरिष्ठाने त्याच्या निष्ठेवरच शंका घेतली. पोराने मग वाद घातला नाही, काम पुरे करून दिले. वाळू काय करू शकते, हे पहिल्याच वर्षी त्याला नदीने दाखवले होते. त्या वेळी ती शत्रू होती.

दहा वर्षांनी, १८९४ च्या सुमारास, त्यांना सिंधमध्ये सक्करला पाठवले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. सक्करच्या उन्हाळ्याविषयी त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी जे लिहून ठेवले आहे ते वाचताना घाम येतो. गाव सिंधू नदीच्या काठावर, आणि सिंधूचे पाणी म्हणजे हिमालयापासून आणलेला गाळ. नगरपालिकेला पाणीपुरवठा हवा होता. नदीकाठी टेकडी होती, तिच्यावर पाणी चढवून गावभर सोडायचे ही योजना सरळ होती. अडचण गाळण्याची. वाळूचे मोठे हौद बांधून त्यांतून पाणी झिरपवायची पद्धत युरोपात रुळलेली होती, पण तेवढा पैसा सक्करच्या तिजोरीत नव्हता. दुसरा एखादा अधिकारी गढूळ पाणी टेकडीवर चढवून मोकळा झाला असता किंवा पैसा नाही म्हणून फाइल बांधून ठेवली असती. मी बँकेत दोन्ही प्रकारचे साहेब पाहिले आहेत.

विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. पाणी नदीतून उचलायचे नाही, नदीखालून उचलायचे. पात्राच्या वाळूतून झिरपून विहिरीत येणारे पाणी गाळलेलेच असते. तेवढ्याने भागेना, म्हणून विहिरीतून नदीच्या तळाखाली बोगदा काढला, म्हणजे वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याला आणखी तोंडे मिळाली. तिथून स्वच्छ पाणी पंपाने टेकडीवर गेले. १८९५ पर्यंत काम उरकले. सक्करचे लोक जे पाणी पिऊ लागले ते आमच्या आजीच्या झिऱ्याचेच पाणी, फक्त वाटीच्या जागी वाफेचा पंप.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. त्यांनी हे कुणा पाणी भरणाऱ्या बाईकडे पाहून शिकले असेल असे म्हणण्याचा मोह मला कादंबरीकार म्हणून होतो. तसा पुरावा नाही. तेव्हा ते राहू द्यावे.

वाळू गाळते म्हणजे काय करते, हेही तेव्हा प्रथम नीट कळले. आपली समजूत अशी की गाळणीला भोके असतात आणि भोकापेक्षा मोठे ते वर राहते. वाळूत एवढेच होत नाही. पाणी संथ, वाकडेतिकडे वाट काढत जाते. त्या प्रवासात मातीचे बारीक कण वाळूच्या दाण्यांना चिकटतात, आणि दाण्यांवर सूक्ष्म जीवांचा जो पातळ लेप धरलेला असतो तो पाण्यातली सडकी द्रव्ये खाऊन टाकतो. म्हणून आजी पहिली दोन पाणी टाकून देत असे. ती ढवळलेल्या वाळूची असत. तिसरे पाणी लांबून, हळू चालत आलेले.

सक्करनंतर ते सुरतेला आणि मग पुण्याला आले. पुण्याच्या वर्षांत रानडे, गोखले यांच्या मंडळींत त्यांची ऊठबस होती. १८९८ साली स्वखर्चाने जपान पाहून आले. नीरा कालव्यावर पाळीपाळीने पाणी देण्याची ठोक पद्धत त्यांची, आणि खडकवासल्याचे आपोआप उघडमीट होणारे दरवाजेही त्यांचेच, १९०३ चे. भिंत न चढवता तलावात जास्त पाणी साठावे आणि पूर आला की दरवाजांनी स्वतः उघडावे, अशी ती युक्ती. तिचे पेटंट त्यांनी घेतले, पण सरकारी नोकर म्हणून केलेल्या कामाचे मानधन सरकारकडून घेतले नाही असे सांगतात. त्यांच्याविषयी सांगतात ते सगळे मी मानत नाही. सरकारी कामाला सरकारी मेणबत्ती आणि स्वतःच्या पत्राला स्वतःची मेणबत्ती, ही गोष्ट मी चाणक्याच्या नावावरही ऐकली आहे. आगगाडीच्या आवाजावरून पुढे रूळ तुटल्याचे ओळखून साखळी ओढल्याची गोष्टही शालेय पुस्तकांत शोभते. अशा गोष्टींमुळे मोठी माणसे देव्हाऱ्यात जातात आणि त्यांचे खरे काम अडगळीत पडते.

खरे काम म्हणजे एडन. १९०४ साली ते इलाख्याचे सॅनिटरी इंजिनिअर झाले होते, आणि १९०६ मध्ये त्यांना समुद्रापार पाठवण्यात आले. एडन म्हटले की मराठी माणसाला एकच नाव आठवते. वासुदेव बळवंत फडके तिथल्या तुरुंगात फेब्रुवारी १८८३ मध्ये गेले. त्याच साली इकडे पुण्यात विश्वेश्वरय्या परीक्षा देत होते. एडनचा कारभार तेव्हा मुंबईतून चाले. ज्वालामुखीच्या काळ्या कड्यांत वसलेले बंदर, पाऊस नावाला, तिन्ही बाजूंनी पाणी आणि पिण्याला थेंब नाही. डोंगराच्या घळीत प्राचीन काळचे दगडी हौद होते, इंग्रजांनी ते १८५० च्या दशकापासून उपसून काढले, पण पाऊसच नाही तर हौद काय करतील? तेव्हा समुद्राचे पाणी बॉयलरमध्ये उकळायचे, वाफ थंड करायची आणि ते पाणी प्यायचे, अशी यंत्रे एडनला बसवली गेली होती. आज आपण समुद्राचे पाणी गोडे करण्याची भाषा नवी म्हणून बोलतो, पण आपल्याच इलाख्याचा एक कोपरा १९ व्या शतकात ते पीत होता. कोळसा बोटीने यायचा, तो जाळून पाणी व्हायचे. महाग किती पडत असेल त्याचा अंदाज करावा. त्या उकळलेल्या पाण्याला चवही नसते.

विश्वेश्वरय्यांनी बंदराच्या आत पाहण्याऐवजी उत्तरेकडे पाहिले. लाहेजच्या बाजूला, दूर डोंगराळ मुलखात पाऊस पडतो. तिथून निघालेली नदी समुद्राकडे येते, पण वर्षातले बरेच दिवस पात्र कोरडे. कोरडे दिसते, असते असे नाही. पाणी वाळूत उतरून आतल्या आत वाहत राहते. त्या पात्रात विहिरी घ्याव्यात, वाळूतले पाणी पंपाने उचलावे आणि नळाने एडनला आणावे, असा अहवाल त्यांनी दिला. सांडपाण्याची योजनाही जोडीला आखली. सक्करची विहीर त्यांनी अरबस्तानात नेली होती. एकाच कल्पनेवर दोनदा जगणारा माणूस मला आळशी वाटत नाही, त्याला ती कल्पना कळलेली असते असे वाटते.

पुढचे आयुष्य पुस्तकांत ठळक अक्षरांत आहे, मी ते भरभर सांगते. वरच्या पदाला हिंदी माणूस पोचणे तेव्हा अवघड, हे पाहून १९०८ साली त्यांनी इलाख्याची नोकरी सोडली. युरोपच्या प्रवासात असताना निजाम सरकारचे बोलावणे आले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबादेत हजारो माणसे नेली होती. १९०९ मध्ये त्यांनी जी योजना दिली तिच्यातून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. आमचे पैठण त्या वेळी त्याच निजामाच्या राज्यात होते. राजधानीला पाणी आले, गोदाकाठच्या बाया आणखी सहा दशके झिरेच उपसत राहिल्या. हा दोष त्यांचा नाही, पण हिशेबाच्या वहीत तो कुठेतरी लिहिलेला असावा एवढेच.

मग म्हैसूर. मुख्य अभियंता, कावेरीवरचे कृष्णराजसागर, १९१२ ते १९१८ दिवाणपद, विद्यापीठ, कारखाने. धरणाच्या बांधकामात सिमेंटऐवजी चुना आणि सुरखी वापरली, कारण सिमेंट बाहेरून आणावे लागले असते. ब्राह्मणेतरांना नोकऱ्यांत राखीव जागा देण्याच्या प्रश्नावर महाराजांशी पटले नाही आणि ते पायउतार झाले. गुणवत्तेला धक्का लागेल ही त्यांची भीती होती. शिकवण्या करून वर आलेल्या त्या माणसाला, ज्यांना शिकवणीच्या दारापर्यंतही येऊ दिले जात नव्हते त्यांचे दुःख दिसले नाही, असे मला वाटते. पाण्याची वाट अचूक ओळखणाऱ्याची नजर इथे आखूड पडली. १९५५ साली भारतरत्न, आणि एप्रिल १९६२ मध्ये बंगळूरला मृत्यू. वयाची शंभरी पार पडली होती. त्याआधी नऊ महिने, १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटले आणि ज्या खडकवासल्याला त्यांनी तरुणपणी दरवाजे बसवले होते ते धरणही त्या लोंढ्याने फोडले.

ते शतकाच्या उंबरठ्यावर असताना अमेरिकेत एक वेगळीच विहीर खणली जात होती. कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि आपल्याकडून तिकडे गेलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या आसपास असा एक पापुद्रा तयार केला, की दाब दिल्यावर त्यातून पाणी जाते आणि मीठ मागे राहते. उकळायला नको, वाफ नको. १९७० च्या दशकात तो पापुद्रा आणखी सुधारला. आज समुद्रकाठच्या मोठ्या प्रकल्पांत आणि आपल्या ओट्यावरच्या डब्यात जे मेंब्रेन असते ते त्याचेच वंशज. चेन्नईजवळ मिंजूर आणि नेम्मेली येथे असे प्रकल्प २०१० नंतर चालू झाले.

या मेंब्रेनचा जो थर खरे काम करतो तो आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारे पाचशेव्या हिश्शाइतका असतो. लिटरभर समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम मीठ. ते मागे ठेवून पाणी पुढे काढायला मोटारीच्या चाकातल्या हवेच्या पंचवीस-तीस पट दाब लागतो. इतक्या नाजूक थरावर इतका दाब, रात्रंदिवस, वर्षानुवर्षे. त्यात समुद्राच्या पाण्यातले जीवजंतू त्यावर बुरशीसारखा लेप धरतात. क्लोरीन टाकून ते मारावेत तर क्लोरीन तो थरच खाऊन टाकतो. म्हणजे जे औषध रोगाला, तेच रोग्याला मारक. मोठ्या कारखान्यांत ही भेंडोळी काही वर्षांनी बदलावी लागतात आणि पाण्याचा दर वाढवणाऱ्या खर्चांत तो एक असतो.

म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ गेली वीस वर्षे त्या थरात अतिसूक्ष्म कण मिसळून पाहत आहेत. २००७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाचे कण मिसळून दाखवले. पाणी जास्त जाऊ लागले, मीठ तेवढेच अडले. कोणी टायटॅनियमचे कण घालतात, कोणी जंतू मरावेत म्हणून चांदीचे. कोणी ग्राफीन ऑक्साइडचे पापुद्रे अंथरतात, म्हणजे लेप धरू नये आणि क्लोरीनही सोसावे. एक अडचण कोणत्याही गृहिणीला कळेल अशी आहे. उपम्यात रवा एकदम टाकला की गुठळ्या होतात. तसेच हे कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात, गुठळीभोवती फट राहते आणि फटीतून मीठ निसटते. दुसरी शंका अशी की चांदीचे कण वर्ष-दोन वर्षांनी जागेवर राहतील की पाण्याबरोबर निघून जातील? प्रयोगशाळेतल्या हातभर तुकड्यावर जे साधते ते समुद्राकाठी पाच वर्षे टिकते का, हे पाहायला पाच वर्षेच लागतात. तिथे घाई चालत नाही.

हे सगळे वाचत असताना जपानची एक हकिगत सापडली आणि मी खुर्चीत ताठ बसले. फुकुओका शहराने २००५ साली समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प सुरू केला. रोज ५० हजार घनमीटर, म्हणजे पाच कोटी लिटर पाणी. हा प्रकल्प समुद्रातून पाणी उचलत नाही. समुद्राच्या तळाच्या वाळूखाली नळ्या पुरल्या आहेत. पाणी वाळूतून झिरपून नळ्यांत येते, तिथून यंत्राकडे जाते. ते इतके निवळलेले असते की मेंब्रेनवर लेप धरण्याचे प्रमाणच कमी होते आणि ती जास्त टिकतात. सक्करचा बोगदा मला समुद्राखाली दिसला.

हे कळल्यावर मी त्या गावाला पुन्हा गेले. आमच्या बायांच्या यंत्रातही मेंब्रेनच्या आधी वाळूची टाकी होती. ती दर दोन दिवसांनी उलट पाणी सोडून धुवायची असते, हे विकणाऱ्याने त्यांना सांगितलेच नव्हते. वाळू चिखलाने दगड झाली होती आणि सगळा गाळ थेट त्या नाजूक थरावर येत होता. वर पाणी जड, क्षाराचे. महागातले मेंब्रेन बारा महिने टिकले असते की तेरा, हा प्रश्न त्यापुढे फार लहान होता. मी कर्जाचे हप्ते पुन्हा बांधून दिले. पाणी तपासून आणले. गटातल्या दोघींनी टाकी रिकामी केली, वाळू चाळून घेतली, खाली खडी, वर जाड वाळू, त्यावर बारीक, असे थर पुन्हा लावले. त्यांना हे शिकवावे लागले नाही. त्यातली थोरली म्हणाली की तिच्या माहेरी दुधना नदीत असेच पाणी काढत.

नवे मेंब्रेन तीन वर्षे चालले. कर्ज २०१७ साली फिटले.

नोकरी सुटल्यावर मी पैठणला घर नीट करून राहिले. गेल्या उन्हाळ्यात नात आली होती. तिला झिरा दाखवावा म्हणून धरणाच्या खालच्या अंगाला, नाथांच्या समाधीकडे नदीत उतरलो. माझ्या लहानपणी जिथे पाय घोट्यापर्यंत वाळूत रुतत, तिथे आता खडक आणि काळी माती आहे. वाळू ट्रॅक्टरने, हायवाने गेली. कुठे गेली हे सगळ्यांना माहीत आहे, आपल्या घरांच्या भिंतींत ती आहे, माझ्याही. थोडे पुढे एका खडकाच्या आडोशाला वाळूचा पट्टा सापडला, घोंगडीएवढा. नातीने हाताने उपसायला सुरुवात केली. वीतभर गेल्यावर खाली चिखल लागला. तरी ती थांबली नाही. बऱ्याच वेळाने तळाशी पाणी जमले, ते गढूळ होते. मी तिला ते टाकून द्यायला सांगितले. दुसरेही टाकायला सांगितले. ऊन चढले होते. तिसऱ्या पाण्याची वाट पाहत आम्ही दोघी तिथेच बसलो.